आधी पक्षाचे पद की आधी गावातला प्रभाग?

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका वडिलांनी लिहिले आहे की, त्यांची सत्तावीस वर्षांची कन्या एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून एका स्वयंसेवी संस्थेत काम करते. मुंडकारी घराच्या, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीने राहणाऱ्या मुंडकाराच्या घराच्या, नोंदणीसाठी मामलेदार कार्यालयाच्या खेपा घालणारी कुटुंबे आणि दयानंद सामाजिक सुरक्षा किंवा गृह आधार या सरकारी अर्थसाहाय्य योजनेचा अर्ज अडकलेल्या महिला तिच्याकडे येतात. आता एका पक्षाने तिला तालुक्याच्या महिला शाखेचे पद देऊ केले आहे. तिने महिला व बाल विकास खात्यातील नोकरीसाठी प्रयत्न करावा आणि राजकारण फावल्या वेळात सांभाळावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. संस्थेचे मानधन बंद झाले तर घर कसे चालेल, ही त्यांची चिंता आहे.

आदरणीय महोदय,

आपण सुचविलेला मधला मार्ग मुळात उपलब्धच नाही. शासकीय कर्मचाऱ्याला सेवा वर्तणूक नियमांनुसार राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही व निवडणुकीच्या प्रचारातही भाग घेता येत नाही. त्यामुळे नोकरी की राजकारण हा निर्णय आधीच करावा लागेल आणि तो तिने करावा, हे उचित. तिचा कल राजकारणाकडे आहे असे आपल्या पत्रावरून जाणवते, म्हणून पुढील विवेचन त्याच दिशेने करत आहे.

समाजकार्यातून राजकारणात जाणे गोव्याला नवे नाही. 1963 साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, त्यामागे कूळ-मुंडकारांच्या प्रश्नांचे मोठे बळ होते. आपली कन्या ज्या मुंडकार कायद्याच्या आधारे आज अर्ज लिहिते, तो 1975 चा कायदा त्याच राजकारणातून आला. माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. यांत्रिक ट्रॉलरांविरुद्धच्या रांपणकारांच्या (रांपण जाळ्याने पारंपरिक मासेमारी करणाऱ्यांच्या) लढ्याचे नेतृत्व त्यांनी केले, पुढे ते आमदार व मंत्री झाले आणि मंत्रिपदावर असतानाच 2012 मध्ये त्यांचे निधन झाले. किनाऱ्यावरच्या माणसांनी त्यांना आमदार होण्याच्या कितीतरी आधी आपले मानले होते. याउलट देशभर ख्याती असलेल्या मेधा पाटकर 2014 मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. ख्याती वृत्तपत्रांतून पसरते, मते मात्र मतदान केंद्रागणिक गोळा करावी लागतात.

आपल्या कन्येने पक्षाचे पद तूर्त स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राजकारण वाईट म्हणून नव्हे. त्या पदात अधिकार काहीच नाही आणि त्याची किंमत मात्र पहिल्याच दिवशी मोजावी लागते, म्हणून. आज तिच्याकडे येणारी बाई आपले घर कोणत्या पक्षाचे आहे हे सांगत नाही, कारण तसे विचारले जात नाही. तिच्या नावापुढे पक्षाचे पद लागले की अर्ध्या वाड्यावरची माणसे यायची थांबतील, आणि उरलेली अर्धी काम झाले नाही तर पक्षाला दोष देतील. महिला शाखांचा उपयोग बहुधा मेळाव्याला गर्दी जमवण्यापुरता होतो, हे आपणही पाहिले असेल.

त्यापेक्षा तिने आपल्या गावात पंच (ग्रामपंचायत सदस्य) म्हणून उभे राहावे. ग्रामपंचायतीची निवडणूक गोव्यात पक्षचिन्हावर होत नाही, किमान वय एकवीस आहे आणि महिलांसाठी प्रभाग राखीव असतात. प्रभागातील मतदार काही शेकड्यांत असल्यामुळे पैशापेक्षा ओळख उपयोगी पडते. विधानसभेचे चित्र अगदी वेगळे आहे. चाळीस मतदारसंघांपैकी प्रत्येकात साधारण 25 ते 30 हजार मतदार, आणि उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादाच 28 लाख रुपये. पंचायतीत एक कार्यकाळ काढला की तिला उलट्या बाजूचे शिक्षण मिळेल. पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्तीला एकाच कुटुंबाची बाजू मांडून भागते; पंचाला मात्र मुंडकार आणि भाटकार दोघांनाही तोंड द्यावे लागते, कारण दोघेही मतदार असतात. सरपंचावर अविश्वास ठराव येणे ही तर आपल्याकडची नित्याची बाब. त्या वेळी कोणाच्या बाजूने हात वर करायचा, यात तिची खरी परीक्षा होईल.

पक्षात तिने पुढे जाऊ नये असे मी म्हणत नाही. निधी, कायदे आणि खाती यांचे निर्णय विधानसभेत होतात, आणि पक्षाविना तिथे टिकणे कठीण असते. मात्र तिथे पक्षादेश असतो, आणि तो मोडल्यास पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जाऊ शकते. तरीही काँग्रेसचे दहा आमदार 2019 मध्ये आणि आठ आमदार 2022 मध्ये एकगठ्ठा पक्ष बदलून गेले, कारण दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला कायद्यात वाट आहे. उद्या तिच्या पक्षानेच अशी उडी घेतली, तर ज्या मुंडकारांच्या भरवशावर ती निवडून आली त्यांना ती काय सांगणार, हे तिने पक्षात जाण्यापूर्वी ठरवून ठेवलेले बरे.

एक व्यवहाराची बाब आपल्या पत्रात आलेली नाही. संस्थेला परदेशातून देणगी मिळत असेल, तर 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याचा विचार करावा लागेल. निवडणुकीचा उमेदवार, आमदार आणि राजकीय पक्षाचा पदाधिकारी यांना असे अंशदान स्वीकारता येत नाही, आणि संस्था राजकीय स्वरूपाची असल्याचा संशय आला तरी तिची नोंदणी अडचणीत येते. म्हणून उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी तिने संस्थेतून रीतसर मुक्त व्हावे, हाती असलेली प्रकरणे सहकाऱ्यांकडे लेखी सोपवावीत, आणि संस्थेने तयार केलेली लाभार्थ्यांची यादी प्रचारासाठी मुळीच वापरू नये. त्या बायकांनी आपली माहिती मदतीसाठी दिलेली आहे.

मानधन बंद झाल्यावर घर कसे चालेल, याची आपली चिंता रास्त आहे, कारण पंचाच्या मानधनावर संसार होत नाही. तिने महाविद्यालयात समाजकार्याचे तासिका तत्त्वावर अध्यापन करता येईल का ते पाहावे, किंवा प्रशिक्षण व सर्वेक्षणाची कामे घ्यावीत. अशा कामांत वेळ आपल्या हातात राहतो. मात्र नेमणूक स्वीकारण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचे सेवानियम निवडणूक लढविण्यास मुभा देतात का, हे तपासून घ्यावे. तिचे नाव आपल्याच पंचायतीच्या मतदार यादीत आहे ना, हेही आताच पाहून ठेवा. शिक्षणासाठी बाहेर राहिलेल्या मुलांची नावे पुष्कळदा दुसरीकडेच नोंदलेली असतात.