तीन लाल कार्डे मिळाली, आता पुढे काय?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे आणि तीन वर्षांपासून चालण्याच्या शर्यतींत भाग घेते. गेल्या महिन्यात माझी पहिलीच २० किलोमीटरची शर्यत होती. सतराव्या किलोमीटरला मी चौथ्या क्रमांकावर होते आणि तिथेच मला लाल फलक दाखवून बाद करण्यात आले. मी नेहमीसारखीच चालते आहे असे मला शेवटपर्यंत वाटत होते. घरचे म्हणतात, हा खेळ सोड आणि सरळ धावायला लाग. मी काय करावे?

उत्तर : तू पत्रात सगळे लिहिले आहेस, पण मला सर्वांत आधी हवी असलेली गोष्ट त्यात नाही : तुझी तीन कार्डे कोणत्या दोषासाठी होती? पंचांच्या फलकांवर दोन खुणा असतात. नागमोडी रेघ म्हणजे पाय जमिनीवरून सुटले आणि कोनाची खूण म्हणजे गुडघा वाकला. नियमही एवढाच आहे. दोन्ही पाय एकाच वेळी हवेत असल्याचे साध्या डोळ्यांना दिसता कामा नये, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीराच्या सरळ खाली येईपर्यंत गुडघ्यात ताठ असला पाहिजे. तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे झाली की खेळाडू बाद होतो. काही स्पर्धांत दंडक्षेत्र असते आणि तिथे तिसऱ्या कार्डानंतर २० किलोमीटरच्या शर्यतीत दोन मिनिटे थांबावे लागते, म्हणजे चौथे कार्ड पडेपर्यंत शर्यत हातात राहते. तुझ्या शर्यतीत ही सोय नव्हती असे दिसते.

शर्यतीनंतर पंचांचा एकत्रित तक्ता तयार होतो आणि त्यात प्रत्येक ताकीद, प्रत्येक लाल कार्ड, त्याचे कारण आणि वेळ नोंदलेली असते. तो तक्ता मिळव आणि आपल्या प्रत्येक किलोमीटरच्या वेळांशेजारी ठेवून वाच. पहिल्या पाच किलोमीटरांतच नागमोडी रेघेची कार्डे पडली असतील, तर तू तयारीपेक्षा अधिक वेगाने सुरुवात केलीस. त्या घाईत खांदे वर चढतात, हात छातीपर्यंत उचलले जातात आणि त्यांच्यामागोमाग शरीरही उसळते. कोनाची कार्डे चौदाव्या किलोमीटरनंतर पडली असतील, तर प्रश्न ताकदीचा आहे आणि त्याला वर्ष-दोन वर्षे द्यावी लागतील. बाहेरून दोन्ही प्रसंगी खेळाडू बादच होतो, पण उपचार अगदी वेगळे आहेत, आणि हे न पाहता केवळ जास्त सराव केला तर चुकीच्या चालीचीच सवय घट्ट होते.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते वाक्य : ‘मी नेहमीसारखीच चालते आहे असे मला शेवटपर्यंत वाटत होते.’ मी स्वतः अनेक वर्षे या शर्यतीत चालले आणि आता मुलींना शिकवते; हे वाक्य मी बाद झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीकडून ऐकले आहे, आणि त्यातली एकही खोटे बोलत नव्हती. दमलेले शरीर आपल्याला आतून चुकीची बातमी देते. नडगीच्या पुढच्या बाजूचा स्नायू थकला की पायाची बोटे वर धरवत नाहीत, टाच आधी टेकण्याऐवजी सगळे पाऊल सपाट पडू लागते आणि सपाट पडणाऱ्या पावलाबरोबर गुडघा सरळ ठेवणे फार कठीण होते. हा बदल डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळतो. ताज्या पायांचा आवाज टक-टक असा कोरडा आणि सारखा येतो. पुढे त्याची थप-थप होते. पहाटे रस्ता शांत असताना मी सायकलवरून मुलींच्या शेजारून जाते तेव्हा बघण्यापेक्षा ऐकतच असते, आणि थप-थप सुरू झाली की त्या दिवसाची वेगाची चाल तिथेच थांबवते, मग ठरवलेल्या अंतरातले चार किलोमीटर शिल्लक असले तरी. तूही हा आवाज ओळखायला शिक. आठवड्यातल्या सर्वांत लांब सरावाच्या अखेरच्या दोन किलोमीटरांचे कुणाकडून तरी बाजूने चित्रीकरण करून घे. सुरुवातीचे, ताज्या पायांचे चित्रीकरण सुंदर दिसते आणि काहीही शिकवत नाही.

बाद होणे म्हणजे तू या खेळाला नालायक आहेस, असा अर्थ घेऊ नकोस. पोलंडचा रॉबर्ट कोर्झेनिओव्स्की १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ५० किलोमीटरच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर असताना अगदी स्टेडियमशी येऊन बाद झाला. त्याने १९९६ साली अटलांटात ५० किलोमीटरचे सुवर्णपदक मिळवले, २००० साली सिडनीत २० आणि ५० किलोमीटर ही दोन्ही सुवर्णपदके घेतली आणि २००४ साली अथेन्समध्ये पुन्हा ५० किलोमीटर जिंकले. सिडनीतल्या २० किलोमीटरच्या शर्यतीत अंतिम रेषा पहिल्यांदा ओलांडणारा मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा नंतर बाद ठरला, म्हणून ते सुवर्ण कोर्झेनिओव्स्कीकडे आले. आठ वर्षांपूर्वी स्वतः ते दुःख भोगलेल्या माणसाकडे. त्याच ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या २० किलोमीटर शर्यतीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल सर्वांच्या पुढे असताना स्टेडियमच्या बोगद्याशी बाद झाली. चार वर्षांनी अथेन्समध्ये तिने कांस्यपदक मिळवले. मधल्या चार वर्षांत तिने काय केले असेल याचा मी अनेकदा विचार करते, कारण ते चित्र सगळ्या जगाने पाहिले होते आणि तरीही तिला पुन्हा त्याच पंचांसमोर, त्याच नियमाखाली चालायचे होते.

घरच्यांच्या सूचनेबद्दल एवढेच सांगते की धावण्यात पंच चाल तपासत नाहीत हे खरे, पण तुझ्या तीन वर्षांत कमरेला आलेली लवचीकता आणि मिनिटाला जवळपास दोनशे पावले टाकण्याची लय धावण्यात तशीच्या तशी उपयोगी पडत नाही. तुला धावायची ओढ असेल तर जरूर जा. केवळ लाल फलकाच्या भीतीने जाऊ नकोस. सहा महिने २० किलोमीटर बाजूला ठेव, १० किलोमीटरच्या दोन-तीन शर्यती एकही कार्ड न घेता पूर्ण कर, मग त्या वेळा कितीही संथ असोत, आणि त्यानंतर मला पुन्हा लिही.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा असून त्याला याच खेळात पुढे जायचे आहे. ५० किलोमीटरची शर्यत ऑलिम्पिकमधून गेली, अंतरे सतत बदलत आहेत. अशा खेळात किती वर्षे टिकता येते आणि त्यावर पोट भरते का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. पुरुषांची ५० किलोमीटर शर्यत टोकियोनंतर बंद झाली, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०२२पासून तिची जागा ३५ किलोमीटरने घेतली, पॅरिसमध्ये मॅरेथॉनच्या अंतराची मिश्र सांघिक शर्यत झाली आणि आता २०२६पासून २० व ३५ किलोमीटरऐवजी अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉन ही अंतरे आली आहेत. पंधरा वर्षे ५० किलोमीटरसाठी शरीर घडवलेल्या खेळाडूंवर यात अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलाला मात्र त्याची झळ फारशी बसणार नाही, कारण त्याचे वय अजून लहान अंतरांचे आहे आणि २० किलोमीटरची तयारी २१.०९७५ किलोमीटरला पुरेपूर लागू पडते.

टिकण्याच्या बाबतीत हा खेळ उदार आहे. स्पेनचा हेसूस आन्हेल गार्सिया १९९३ साली ५० किलोमीटरचा जगज्जेता झाला आणि टोकियोत वयाच्या ५१व्या वर्षी आपल्या आठव्या ऑलिम्पिकमध्ये चालला. फ्रान्सच्या योहान दिनिझने ३९व्या वर्षी जागतिक सुवर्ण जिंकले. वेगापेक्षा सहनशक्ती आणि चालीची शिस्त उशिरापर्यंत साथ देतात. पैशाचे चित्र इतके चांगले नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदकाला ७०,००० डॉलर मिळतात आणि ती रक्कम १०० मीटरच्या विजेत्याइतकीच असते, पण तिथे पोहोचणारे मोजकेच. बहुतेक देशांतले रेसवॉकर लष्कर, पोलीस किंवा सरकारी नोकरीच्या आधाराने खेळतात. २०२१ साली टोकियोत २० किलोमीटर जिंकणारा इटलीचा मासिमो स्तानो पोलिसांच्याच क्रीडापथकाचा. म्हणून मुलाचे शिक्षण थांबवू नका. आणि या वयात त्याला वीस-वीस किलोमीटर चालवणारा प्रशिक्षक असेल, तर तो बदला.

प्रश्न : सूक्ष्म चित्रीकरण उपलब्ध असताना पंच अजून डोळ्यांनीच का बघतात?

उत्तर : कारण नियमातच ‘साध्या डोळ्यांना दिसेल असे’ हे शब्द आहेत. २० किलोमीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम १ तास १६ मिनिटे १० सेकंदांचा आहे, म्हणजे किलोमीटरला चार मिनिटांहून कमी, आणि या वेगाने चालणाऱ्याचे पाय क्षणाच्या छोट्याशा अंशापुरते जमिनीवरून सुटतातच. कॅमेऱ्याचा निकाल मानला तर पहिल्या रांगेतले कुणीच उरणार नाही. बुटात बसवायच्या संवेदकांचे प्रयोग झाले आहेत, पण ते वापरायचे तर आधी किती क्षण सुटलेले चालेल हे आकड्यात ठरवावे लागेल.