शेततळे, विहीर आणि नदीकाठ : पोहणे व जीवरक्षण यांविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे ग्रामीण भागातून आली. त्यांतील काही प्रश्नांना आमच्या जलसुरक्षा प्रशिक्षकांनी दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात शेततळ्यांची संख्या खूप वाढली आहे आणि तालुक्यात दरवर्षी कुठे ना कुठे मूल शेततळ्यात बुडाल्याची बातमी येते. म्हणून गावातील मुलांना पोहायला शिकवावे, असे ग्रामसभेत ठरले. जवळ जलतरण तलाव नाही. तेव्हा एखाद्या शेतकऱ्याचे शेततळेच त्यासाठी वापरावे, असे काहींचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, सिन्नर तालुका

उत्तर : ग्रामसभेने हा विषय घेतला हे चांगलेच झाले, परंतु प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात पोहायला शिकवू नये. चार जाणती माणसे काठावर उभी राहणार असली, तरीही नको. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली, तेव्हापासून अशी तळी गावोगाव झाली आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागांना त्यांचा मोठा आधारही मिळाला. पण त्यांची रचना पाणी साठवण्यासाठी आहे. माणसाने आत उतरावे आणि परत वर यावे, हा विचार तिच्यात कुठेच नाही. खोली साधारण ३ मीटर असते, चारही बाजू थेट तळापर्यंत उतरत जातात, आणि विहिरीला असते तशी पायरी किंवा नदीला असतो तसा उथळ काठ तिथे मिळत नाही. त्यावर ५०० मायक्रॉनचा गुळगुळीत कागद आणि पाण्याच्या रेषेलगत शेवाळाचा पातळ थर. पोहता येणारा माणूस दोन हात मारून काठाला लागतो, तळवे कागदावर टेकवतो, कोपरांवर जोर देऊन वीतभर वर सरकतो आणि तितकाच खाली घसरतो. असे पाच-सहा वेळा झाले की हातांतले बळ संपते. शेततळ्यात पट्टीचे पोहणारेही बुडतात, त्याचे कारण हे आहे. वाचवायला उडी मारणाऱ्याचीही तीच गत होते, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसे एकापाठोपाठ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

म्हणून माझ्या मते ग्रामसभेने पोहण्याच्या वर्गाआधी, गावात जितकी शेततळी आहेत तितक्यांना बाहेर पडण्याची सोय करण्याचा ठराव घ्यावा. खर्च फार नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी अँगल पक्के रोवावेत आणि प्रत्येक बाजूला एक याप्रमाणे जाड नायलॉनचे चार दोर तळापर्यंत सोडावेत. दोराला हात-दीड हातावर गाठी माराव्यात. ओल्या हाताला साधा दोर धरवत नाही, गाठ धरवते. जुने टायर एकमेकांना बांधून खाली सोडले तर शिडीसारखा उपयोग होतो, मात्र बांधायला तार वापरू नये, कारण ती कागद फाडते, आणि कागद फाटला की शेतकरी दुसऱ्याच दिवशी ती शिडी काढून टाकेल. बूच घट्ट बसवलेले दोन-तीन रिकामे कॅन दोर बांधून काठावर ठेवावेत. तळ्याभोवती पुरुषभर उंचीची तारेची जाळी आणि कुलूप लावता येणारे फाटक हवे. जाळी बसवली पण फाटक दोन विटांवर टेकवून ठेवले, असे चित्र फार ठिकाणी दिसते. उन्हाने नायलॉन कुजतो, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी दरवर्षी दोर ओढून तपासावेत आणि गरज असेल तर बदलावेत.

मोठ्यांसाठीही एक नियम करावा. फवारणीचा पंप भरणे, हातपाय धुणे, मोटरचा फूट व्हॉल्व्ह साफ करणे अशा किरकोळ कामांत पाय घसरतो आणि त्या वेळी शेतात दुसरे कोणी नसते. तळ्यात वाकण्याचे काम एकट्याने करू नये आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय तर मुळीच करू नये.

शिकवण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी तलाव असेल तर आठवड्यातून तीन दिवस मुलांना गाडीने नेणे परवडते. वर्गणीतून हे होऊ शकते. तेही शक्य नसेल तर पायऱ्यांची विहीर चालेल, पण एका वेळी एका शिकवणाऱ्यामागे एकच मूल, आणि पायरीवर दोर घेऊन दुसरा माणूस उभा, या अटीवरच.

प्रश्न : आमच्या शाळेतील काही मुलांनी उन्हाळी शिबिरात पंधरा दिवसांत पोहणे शिकून प्रमाणपत्र मिळवले. आता पालक त्यांना ओढ्यावर, विहिरीवर मोकळेपणाने सोडू लागले आहेत. ही मुले खरोखर सुरक्षित मानावीत का?
– एक शिक्षिका, पंढरपूर तालुका

उत्तर : नाही. त्या प्रमाणपत्राचा अर्थ इतकाच, की स्वच्छ, स्थिर पाण्यात, पोहण्याच्या पोशाखात आणि हाकेच्या अंतरावर प्रशिक्षक असताना मूल ठरावीक अंतर कापू शकते. ओढ्याचे पाणी गढूळ असते, तळ दिसत नाही, अंगावर शाळेचे कपडे असतात आणि मूल बहुधा ठरवून पाण्यात उतरलेले नसते, ते पडलेले असते. मी मुलांची परीक्षा निराळी घेतो. रोजच्या कपड्यांनिशी मुलाने खोल पाण्यात पडावे, वर येऊन उताणे व्हावे, किमान अर्धा मिनिट हातपाय न झाडता तरंगावे, मग काठ कुठे आहे ते पाहून २५ मीटर पोहावे आणि कोणाचाही हात न घेता बाहेर यावे. यातले शेवटचे फार थोड्या मुलांना पहिल्या वेळी जमते. आणि ही परीक्षा पार केलेल्या मुलानेही विहिरीवर किंवा ओढ्यावर एकटे जायचे नाही.

आपल्याकडे विहिरीत शिकवण्याची जुनी पद्धत होती, तिच्यातला एक भाग मला आजही मोलाचा वाटतो. मुलाच्या पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे ओंडके किंवा वाळलेले भोपळे बांधत आणि अंगात बळ येईल तसतसा हा आधार कमी करत नेत. आधार कधी आणि किती कमी करायचा हे शिकवणारा त्या मुलाकडे बघून ठरवी. शिबिरात दिवस आधी ठरलेले असतात आणि सगळ्यांचा आधार एकदमच निघतो. त्याच परंपरेतला, शिकाऊ पोराला वरून ढकलून देण्याचा प्रकार मात्र बंद झालेला बरा; त्याने काही मुले पोहायला शिकली असतील, पण कित्येकांनी पाण्याचा धसकाच घेतला.

वयाचाही मुद्दा आहे. साधारण सहा वर्षांनंतर मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षिततेचे नियम शिकवावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिच्याच अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतील जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. या वयाच्या मुलांसाठी पोहण्याचा वर्ग हा उपाय नव्हेच. अंगणातला हौद झाकणे, न्हाणीतली बादली पालथी ठेवणे आणि शेतीच्या हंगामात घरची मोठी माणसे रानात असताना लहानग्यांना अंगणवाडीत किंवा कोणा एका जबाबदार माणसाच्या नजरेखाली ठेवणे, हेच त्यांचे संरक्षण. ज्याच्यावर नजर ठेवायची जबाबदारी दिली त्याला दुसरे काम सांगू नये.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. आता पोहणे शिकता येईल का? पोशाखाचा संकोच वाटतो.
– एक वाचक भगिनी, बारामती

उत्तर : अवश्य येईल. प्रौढ माणूस सूचना लवकर समजून घेतो, भीती जायला मात्र त्याला मुलापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून पहिला आठवडा कमरेएवढ्या पाण्यात केवळ तोंड बुडवून श्वास सोडण्यात गेला तरी निराश होऊ नये. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोहण्याचे पोशाख आता सहज मिळतात. साडी किंवा ओढणी नेसून शिकू नका, ती पायांत अडकते. स्त्रियांची वेगळी वेळ आणि स्त्री प्रशिक्षक यांची मागणी चार-पाच जणींनी मिळून केली, तर तलाव चालवणारे सहसा नाही म्हणत नाहीत. फिट येण्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकालाही तसे सांगून ठेवा.

प्रश्न : आमचे मंडळ कृष्णाकाठी आहे. आमच्यापैकी पुष्कळ जण पुरातही पोहतात. आम्हांला जीवरक्षक म्हणून रीतसर तयार व्हायचे आहे. काय करावे?
– एक तरुण मंडळ, सांगली जिल्हा

उत्तर : पुरात पोहतो, हे जीवरक्षकाचे भूषण नव्हे, हे आधी नमूद करतो. जीवरक्षक पाण्यात उतरण्याचा पर्याय शेवटी ठेवतो. त्याआधी आवाज देऊन धीर देणे, काठी किंवा बांबू पुढे करणे, दोर अथवा तरंगणारी वस्तू फेकणे, होडी नेणे, हा क्रम आहे. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो आणि ती मिठी सोडवणे पहिलवानालाही कठीण जाते. तुमच्या मंडळाने दोर फेकण्याचा सराव घाटावरच सुरू करावा. दोर पिशवीत भरलेला असावा, एक टोक हातात घट्ट धरावे पण मनगटाला गुंडाळू नये, आणि नेम माणसाच्या पलीकडे धरावा, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. दोर पकडला गेला की ओढणाऱ्याने लगेच खाली बसावे, नाहीतर प्रवाह त्यालाच खेचतो. पंधरा मीटरवर ठेवलेल्या कॅनवर दहापैकी आठ वेळा दोर पडेपर्यंत हा सराव चालू ठेवा. कंटाळवाणा आहे, पण सूर मारण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

बुडणारा ओरडतो, हात हलवतो, हाही एक समज आहे. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत असते, श्वासच पुरत नाही तिथे हाक कुठून निघणार? मान मागे, केस डोळ्यांवर, शरीर उभे आणि पुढे न सरकणारे : गर्दीच्या घाटावर हे ओळखण्याची नजर तयार व्हावी लागते.

रीतसर प्रशिक्षणासाठी प्रथम जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे 'आपदा मित्र' योजनेची चौकशी करा. ही केंद्रीय योजना गावपातळीवरील स्वयंसेवकांना पूर, शोध आणि बचाव, प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण देण्यासाठी आहे. केवळ जीवरक्षणाचे अभ्यासक्रम गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत होतात; ही संस्था केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील आहे. शक्य झाल्यास गोव्याच्या किनाऱ्यावर एक दिवस नुसते उभे राहून पाहा. तिथे २००८ पासून व्यावसायिक जीवरक्षक दल आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागात पोहायचे आणि लाल झेंडा असेल तिथे उतरायचे नाही, ही साधी पद्धत ते दिवसभर शिट्टीने पाळायला लावतात. त्यांचे बहुतेक काम लोकांना पाण्यात जाण्याआधीच अडवण्याचे असते. तुमच्या घाटावर पाण्याची पातळी वाढत असताना लाल झेंडा लावण्याचा अधिकार मंडळाने ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावा.

प्रश्न : बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पालथे घालून पोट दाबावे की नाही?
– अनेक वाचक

उत्तर : दाबू नये. पाय धरून उलटे टांगणे, गोल फिरवणे यांनीही काही साधत नाही. पोटातले पाणी घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि मोलाची मिनिटे वाया जातात. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास घेत नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवा आणि दुसऱ्याला १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. बुडालेल्याला हवेची गरज सर्वांत आधी असते, म्हणून डोके मागे करून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडावाटे प्रथम श्वास द्या; प्रशिक्षणात दोन किंवा पाच, जितके शिकवले असतील तितके. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी ३० दाब आणि २ श्वास, हा क्रम चालू ठेवा. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर. लहान मुलाला एका तळव्याने, छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोलीपर्यंत दाब द्यावा. तोंडाला फेस आला तर तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. श्वास परत आला, माणूस उठून बसला, 'आता बरे वाटते' म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याने पुढच्या काही तासांत श्वास पुन्हा बिघडू शकतो.