रागावणं मराठीत, कौतुक इंग्रजीत

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीला, विश्रामबागेत. जूनच्या अखेरीस ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली आणि पाच आठवडे सासरी राहून गेली. ती लिहिते:

"तिकडे शाळेत बाई त्याचं कौतुक करतात. इथं आल्यावर तिसऱ्याच दिवशी दुपारी जेवताना त्यानं आमटीची वाटी भिरकावली. घरात कुणी आलं की कॉटखाली जाऊन बसायचा. एकदा आजीला चापट मारली. सासूबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण शेजारच्या काकू बोलून गेल्या, 'पोराला वळण नाही.' त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या वर्षी यावं की नाही, तेच कळेना झालंय."

पत्र वाचून मी तिला फोन केला आणि दोनच गोष्टी विचारल्या. वाटी फेकण्याआधी तो काय करत होता? आणि तू त्याला 'छान केलंस' हे कोणत्या भाषेत म्हणतेस?

पहिलं उत्तर तिनं आठवून आठवून दिलं. तो वीसेक मिनिटं आपल्या हातानं आमटीभात खात होता. मोठी माणसं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, याच्या बोलण्यात होती. जुलैत सांगलीच्या घराघरांत तोच विषय असतो, 2019 च्या महापुरानंतर तर जास्तच. मग वाटी गेली आणि पाचही माणसं उठली. कुणी फडकं आणायला धावलं, कुणी दटावलं, आजोबांनी उचलून कडेवर घेतलं. दुसऱ्या प्रश्नावर ती जरा थांबली. म्हणाली, "इंग्रजीत. 'गुड जॉब' म्हणते. रागावते मात्र मराठीत."

मला वाटतं, तिच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या दोन उत्तरांत आहे.

आधी वाटीचं बघू. वीस मिनिटं शहाण्यासारखं जेवणाऱ्या मुलाकडे कुणी पाहिलं नाही आणि एका क्षणाच्या चुकीला पाच माणसं मिळाली. चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं लक्ष भुकेसारखं लागतं. कौतुकाचं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर रागाचंही चालतं. आपण ज्याकडे वळून बघतो ते मूल पुन्हा करतं. मुलांच्या वागणुकीवर काम करणारे मानसतज्ज्ञ आईबापांना पहिल्यांदा हेच शिकवतात: चांगलं वागणं चालू असतानाच पकडा आणि बोला.

हे मला बालवाडीत शिकवतानाच शिकायला मिळालं, आणि उशिरा मिळालं. माझ्या वर्गात एक मुलगी चावायची. एके दिवशी मी तिचं नाव घेईन तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं एक रेघ ओढायची, असं ठरवलं. शाळा सुटेपर्यंत सतरा रेघा झाल्या, आणि त्यातली एकही कौतुकाची नव्हती. दिवसभर त्या पोरीनं माझ्या तोंडून आपलं नाव फक्त रागातच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती मणी ओवताना, डबा उघडून शेजारणीची वाट बघताना, मी तिचं नाव घेऊन ते सांगायला लागले. चावणं एका दिवसात थांबलं नाही. तीन आठवडे लागले. पण आजही त्या सतरा रेघा आठवल्या की मला वाईट वाटतं.

आता भाषेचं. परदेशातल्या अनेक मराठी घरांत मी हेच ऐकते. 'नको', 'गप बस', 'हात लावू नकोस', 'किती वेळा सांगायचं' हे सगळं मराठीत. 'गुड जॉब', 'सो प्राउड ऑफ यू' इंग्रजीत. असं का होतं, तेही समजण्यासारखं आहे. राग आला की माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो. आणि तोंडावर कौतुक करण्याची रीत आपल्या घरांत फारशी नव्हतीच, त्यामुळे ती आपण तिकडच्या शाळांकडून, शेजाऱ्यांकडून शिकलो, त्यांच्याच शब्दांसकट. पण मुलाच्या कानांनी ऐकून बघा. त्याच्यासाठी मराठी ही रागवायची भाषा झाली. मग ते सांगलीला येतं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चहूबाजूंनी मराठीच. आजोबा मायेनंच, पण आपल्या खड्या आवाजात हाक मारतात, "ए, इकडं ये बघू!" आणि पोर कॉटखाली जातं. त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

म्हणून परदेशातल्या आईबाबांना माझं पहिलं सांगणं हे, की कौतुक मराठीत करायला लागा. आजपासून, तिकडच्या घरात. विमानात बसल्यावर नाही. नुसतं 'शाबास' पुरत नाही. काय पाहिलंत ते सांगा. "चपला जागेवर लावल्यास." "बाबांचा फोन चालू होता, तू थांबलास." "पानात एक शीतही टाकलं नाहीस." "राग आला होता, तरी तोंडानं सांगितलंस." लगेच, जवळ जाऊन, पाठीवर हात ठेवून, एक वाक्य. आणि तिथंच थांबा. "रोज असं का वागत नाहीस?" हे शेपूट जोडलंत की कौतुकाचं परत रागावणं झालं. मुलांना ते शेपूटच ऐकू येतं.

आता आजी म्हणतील, तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते. त्यांच्या म्हणण्याचा मान राखूनही मार्ग आहे: मुलाचं कौतुक करू नका, त्यानं केलेल्या कामाचं करा. 'किती हुशार गं माझं बाळ' याऐवजी 'सगळे ठोकळे डब्यात भरलेस'. अमेरिकेतल्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांनी 1998 साली जे दाखवलं, तेही याच्या जवळचंच. त्यांनी पाहिलेली मुलं जरा मोठी होती, पाचवीतली. 'हुशार' म्हणून वाखाणलेली मुलं पुढं अवघड गोष्टीला हात घालायला कचरली आणि मेहनतीचं कौतुक झालेली मुलं धिटाईनं पुढं गेली. आजींना संशोधन सांगायची गरज नाही. 'कामाचं कौतुक करू या' एवढं त्यांना चटकन पटतं.

तिसऱ्या दिवसाच्या वाटीबद्दल आणखी एक. सांगलीत दुपारचा एक वाजतो तेव्हा न्यू जर्सीत पहाटेचे साडेतीन असतात. उन्हाळ्यात दोन्ही घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर आहे आणि शरीर ते रोज साधारण तासाभरानं भरून काढतं. म्हणजे आठ-दहा दिवस. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. त्या पोराला तुम्ही पहाटे साडेतीनला पाटावर बसवलं होतं. सकाळी दहाला पाहुण्यांपुढं 'नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव' म्हणालात, तेव्हा त्याच्या शरीरात रात्रीचे साडेबारा वाजलेले होते. काकूंना हे तिथंच सांगायला हवं होतंस असं नाही, पण स्वतःला तरी सांग. वळण नसलेलं मूल आणि झोप नसलेलं मूल लांबून सारखंच दिसतं.

'नको' कमी करणं हा आणखी एक उपाय. 'पळू नको' म्हटल्यावर मुलानं नक्की काय करायचं? 'माझा हात धरून चाल' हे त्याला करता येतं. गणपतीच्या देवळात निघालात तर रिक्षातच सांगा: "आत गेलं की आपण दोघं हात जोडणार, मग घंटा वाजवणार." एवढंच. नमस्कार तुम्ही वाकून त्याच्याबरोबर करा. सगळ्यांसमोर हुकूम सोडून मग त्याच्याकडे बघत बसू नका. आणि एकदा सांगितलं की पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. लहान मुलाला ऐकलेलं अंगात उतरवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण त्या वेळात तीनदा ओरडून मोकळे होतो.

थयथयाट करून काही मागत असेल तर शांतपणे दुसऱ्या कामाला लागा. पण आधी एक लक्षात असू दे: दुर्लक्ष सुरू केलं की रडणं पहिल्यांदा वाढतं, मगच उतरतं. ते वाढलेलं असतानाच आजीनं माया येऊन मोबाइल हातात दिला, तर मूल एवढंच शिकतं की आणखी मोठ्यानं रडावं लागतं. म्हणून अशा वेळी काय करायचं ते घरातल्या सगळ्यांनी आदल्या रात्री ठरवायचं. मूल रडत असताना ठरवायला बसायचं नाही. आणि रडणं थांबलं त्याच क्षणी त्याच्याजवळ जायचं.

मारण्याकडे मात्र दुर्लक्ष नाही. हात धरायचा आणि सांगायचं, "मारायचं नाही. 'मला राग आला' असं म्हण." मग त्याला सोडून आधी आजीकडे वळायचं, "आई, लागलं का?" लक्ष ज्याला लागलं त्याला मिळू दे.

आणि उलटून धपाटा घालू नका. आपण धपाटे खाऊनच वाढलो, असं म्हणणारे भेटतात. पण ज्या हातानं मारू नये म्हणून शिकवायचं, तोच हात उगारून ते शिकवता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये पालकांना हेच स्पष्ट सांगितलं. स्वीडनमध्ये 1979 पासून, जर्मनीत 2000 पासून, न्यूझीलंडमध्ये 2007 पासून घरातही मुलाला मारायला कायद्यानं बंदी आहे. तिथं राहणाऱ्यांनी इकडून आलेल्या आजी-आजोबांनाही हे आधीच, गोडीनं सांगून ठेवावं.

शेवटचं चॉकलेटचं. "शुभंकरोती म्हण, चॉकलेट देते" असं घरोघर चालतं. स्टॅनफर्डच्या बालवाडीत 1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढं मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना बक्षीस न सांगता नंतर मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा शुभंकरोती आजीच्या मांडीवर बसून म्हणू द्या. साताऱ्याच्या आजोबांनी आणलेला कंदी पेढा मग सगळ्यांबरोबर त्यालाही मिळेलच, पण तो शुभंकरोतीची किंमत म्हणून नको.

तर, पुढच्या वर्षी यायचं का? ये. पहिले आठ दिवस कुणाकडे जेवायला जाऊ नकोस आणि कुणाला बोलावूही नकोस. सासूबाईंना तिकडे शिकलेलं ऐकवू नकोस, त्यांच्याकडे एक मदत माग. त्याला रोज करायचं एक काम त्यांनी द्यावं, देवाची फुलं परडीत ठेवण्याचं, आणि ते झालं की काय झालं ते मराठीत बोलून दाखवावं. आजोबांकडेही एक काम आहेच. पावसाळ्यात रोज सकाळी आयर्विनच्या पाण्याचा आकडा ते बघतातच. तो त्याच्याकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घ्यायचा. 7 उलटा आला तरी चालेल.