पहिला रविवार: आधी किनारा, मग बाजार

मुंबईत नवा आलास आणि एका रविवारात ससून डॉक, क्रॉफर्ड मार्केट, शिवडीचे फ्लेमिंगो आणि जुहू, असा बेत? अरे, पाहुणा आहेस की टपालवाला! शिकायला आलायस, वर्षं आहेत हाताशी. पहिल्या खेपेला दोनच ठिकाणं घे.

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ, बाकी सगळं त्यावर ठरव. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत मोठी ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास असते. उजेड असेल ती निवड. तेव्हा वांद्र्याच्या कार्टर रोडचे खडक उघडे पडतात. डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), गोगलगाई दिसतात. पाणी चढायला लागलं की मागे फिर. नवखे नेमके तेव्हाच फोटोत रमतात.

- सपाता नकोत, पकड असलेले बूट घाल.
- दगड उचललास तर होता तसाच ठेव.
- शंख उचलू नकोस. कोन शंखातला जीव विषारी डंख मारतो.
- पावसाळ्यात वाळूवर निळ्या फुग्यांसारखे जीव (ब्लूबॉटल) दिसले तर लांब राहा, मेलेलेही झोंबतात.

मासळी बघायला जवळच खारदांडा कोळीवाडा आहे. कोळणीला 'मावशी' म्हण, फोटोआधी विचार, आणि घासाघीस करायची तर घ्यायचंही. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं कमी मिळतं.

फ्लेमिंगो हिवाळ्यात बघू.