बंद स्टुडिओतल्या निगेटिव्ह आणि मुलाचं करिअर

(सांगलीहून एका आईचं पत्र : 'सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. मुलगा बारावी सायन्सला आहे. माळ्यावरचे तीन खोके उघडून तो रंगीत निगेटिव्ह स्कॅन करत बसतो, एकेका फोटोवर तीन-तीन तास. २०१९ च्या पुरात ज्यांचे अल्बम गेले, ती माणसं आता आमच्याकडे लग्नाचे फोटो मागायला येतात. यांना मात्र मुलगा इंजिनिअर व्हायला हवा आहे. बंद पडलेल्या धंद्यात त्याला कसं पाठवू?')

नमस्कार ताई,

पत्र दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते. नुसतं 'निगेटिव्ह स्कॅन करून मिळतील' अशी पाटी लावून संसार चालणं कठीण आहे. घरातले रोल माणूस एकदाच स्कॅन करून घेतो, पुन्हा येत नाही. यजमानांनी स्टुडिओला कुलूप लागताना पाहिलंय, त्यांची भीती खरी आहे.

पण तुम्हाला तीन तास वाया गेल्यासारखे वाटतात आणि मला त्यातच मुलाचा कल दिसतो. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते ना, तो फिल्मचा दोष नाही. फिल्ममधले रंग थोडे बेइमान असतात, किरमिजी रंग हिरव्याबरोबर थोडा निळा प्रकाशही गिळतो. ती चूक सावरायला कंपन्यांनी हा नारिंगी मास्क मुद्दाम घातला. पॉझिटिव्ह करायला रंग नुसते उलटे केले की तोच मास्क निळा होऊन चेहऱ्यांवर पसरतो. तुम्ही लिहिलंय, 'सगळे आजारी दिसतात', ते यामुळेच. मुलाला सांगा, स्कॅन करताना दोन फ्रेममधली कोरी पट्टी थोडी आत घे. ती पट्टी म्हणजे त्या फिल्मचा काळा. लाल, हिरवा, निळा, तिन्हींचा काळा तिथे वेगवेगळा जुळव, मग पांढरा, शेवटी कर्व्ह्ज, म्हणजे उजेड-सावलीचा तोल साधायची रेघ. स्कॅन १६ बिट टिफमध्येच ठेव, या फाइलमध्ये रंगांचे बारकावे टिकतात. डार्कटेबल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात निगेटिव्हसाठी 'निगाडॉक्टर' नावाचं वेगळं मोड्यूलही आहे.

इथवर यंत्र साथ देतं. पुढे हळदीचा फोटो येतो. पिवळी साडी, पिवळे गाल, वर साध्या बल्बचा उजेड. ऑटो करेक्शनला एवढा पिवळा म्हणजे चूक वाटते, ते तो पुसायला जातं आणि नवरी निळसर होते. किती पिवळा बल्बचा, किती हळदीचा आणि किती ठेवायचा, हे ठरवायला माणूसच लागतो. सिनेमात याच नजरेवर काम करणाऱ्याला कलरिस्ट म्हणतात. जाहिराती, वेब सिरीज, छपाईपूर्वीची तयारी म्हणजे प्रीप्रेस, संग्रहालयं, सगळीकडे ही नजर लागते.

जुन्या चित्रपटांचं जतन हे तर याच कामाचं मोठं रूप. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० फ्रेम असतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन फिल्म जतनाच्या कार्यशाळा घेते. अशा जागा मोजक्याच असतात, हेही सांगून ठेवते. म्हणून याच एका दारावर भिस्त ठेवू नका.

यजमानांशी भांडणाचं कारण मला दिसत नाही. निगेटिव्हची घनता, म्हणजे ती किती गडद आहे, हे लॉगॅरिदमने मोजतात, त्याने अकरावीत शिकलेलंच गणित. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेऊन इमेज प्रोसेसिंगकडे वळला तर वडिलांचंही राहील, त्याचंही. त्याला चित्रकलेची ओढ असेल तर बीएफए, म्हणजे कलेतली पदवी. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेत सिनेमॅटोग्राफीला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. मी त्याच्या जागी असते तर आधी पदवी आणि सोबत हे काम, असंच केलं असतं.

एक गोष्ट मात्र याच महिन्यात करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्याची रंगांधत्वाची तपासणी करून घ्या. लाल-हिरव्यात गोंधळ होण्याचा दोष मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त असतो आणि ज्याला असतो त्याला अनेकदा पत्ताच नसतो. चार वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. आणि फोटो मोबाइलवर पिवळा, कॉम्प्युटरवर निळा दिसतो म्हणालात, तर दोष बहुधा स्क्रीनचा आहे. मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचे रंग अचूक जुळवायचं, छोटं यंत्र मिळतं. नवा स्कॅनर मागत असेल तर आधी हे घ्या.

खोके माळ्यावरून खाली आणा. वरची उष्णता आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही फिल्मला खातात, बुरशी धरते. स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकू नका.

सासऱ्यांची रोल नंबरांची वही आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मला त्या वहीचं फार अप्रूप वाटलं. संग्रहालयात फ्रेमइतकीच किंमत तिच्या नोंदीला असते. तिची पानं आधी स्कॅन करायला सांगा. मग रविवारी संध्याकाळी बापलेकांना त्या वहीपाशी बसवा. कुठलं लग्न, कुणाचं बारसं, हे चेहरे यजमानांनाच ओळखता येतील, मुलाला नाही.