मर्द आणि घोडा म्हातारा होत नाही म्हणे!

पत्र (थोडक्यात): मावशी, मी ४३ वर्षांचा, आर्णीकडचा शेतकरी, दिवसाला तंबाखूचे चार-पाच खर्रे खातो. शेतकऱ्याले पोरगी कोण देते, म्हणून लग्नच चाळिशीत झालं. बायको २९ची. ३ वर्षं झाली, लेकरू नाही. तिची सोनोग्राफी, रक्त, नळ्या, सगळं नॉर्मल. आई आता तिला अजून एका बाबाकडे नेतो म्हणते. पारावर म्हणतात मर्द आणि घोडा कधी बुढा होत नाही. मग अडलं कुठं?

भाऊ, घोड्याचं मला माहीत नाही. पण तुमच्या पत्रात बायकोच्या एवढ्या तपासण्या आल्या न तुमची एकही नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं बरं का. काहून नाही केली?

पारावरचं अर्धंच खरं आहे. बाईचं जसं पाळी गेली की थांबते तसं माणसाचं थांबत नाही, शुक्राणू म्हातारपणापर्यंत बनतात. पण चाळिशीनंतर हळूहळू वीर्य कमी होते, शुक्राणूंची पळण्याची ताकद उतरते, त्यांच्या आतला डीएनए जास्त तुटतो, म्हणून दिवस राहायला वेळ लागतो आणि गर्भ पडायची भीतीही थोडी वाढते. ४३ म्हणजे दार बंद झालं असं बिलकुल नाही, तुमच्या वयाचे कितीतरी बाप होतात. पण दोष तुमच्याकडं असूच शकत नाही हे कोणी ठरवलं?

आणि वय एकटं नसते ना. तुम्हीच लिहिलं, दिवसाला चार-पाच खर्रे. तो तंबाखू नुसता तोंडच खात नाही, शुक्राणूही खराब करतो. वरून फवारणी. २०१७ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती शेतकरी गेले ते विसरलो का आपण? फवारणीची काही औषधं वीर्यावरही परिणाम करतात, म्हणून पंप पाठीवर घ्यायचाच असेल तर मास्क, हातमोजे घाला, आल्याबरोबर आंघोळ करा न ते कपडे वेगळे धुवा. आणि भिंतीवरच्या जाहिरातीतलं ताकदीचं इंजेक्शन चुकूनही घेऊ नका, टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शननं उलट शुक्राणू बनणंच बंद पडू शकते.

तर आधी वीर्य तपासणी करा, बाईच्या नळ्यांच्या तपासणीपुढं ही काहीच नाही, ना सुई ना दुखणं. २ ते ७ दिवस संबंध ठेवायचे नाहीत आणि नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून बाटली शर्टाच्या खिशात घालून एसटीनं नेऊ नका, तासाभरात पोचायला पाहिजे असते आणि आपली एसटी तुम्हाला माहीतच आहे. रिपोर्टमध्ये चांगल्या आकाराचे ४ टक्केच दिसले तर हादरू नका, ४ म्हणजे नॉर्मलच धरतात. एक रिपोर्ट बिघडला तरी डॉक्टर पुन्हा करायला लावतात, कारण मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असला तरी आकडा पडतो, तसं झालं असेल तर सांगा. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर तेही डॉक्टर हातानं तपासून सांगतात, त्यावर इलाज आहे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे मूग पेरून घरी यायला लागते त्याच्या आसपास. म्हणून आज खर्रा सोडला न पुढच्या आठवड्यात रिपोर्ट काढून काही फरक नाही म्हणू नका. तीन महिने द्या. पण पहिली तपासणी थांबवू नका, ३ वर्षं झाली आहेत, एक वर्षानंतरच दोघांनी दाखवायचं असते.

बाबाकडं जायचं आईला तुम्हीच नाही म्हणा, बायकोच्या तोंडून नको. आणि रिपोर्ट आला की तो आईसमोर तुम्हीच वाचा, मग तो कसाही येवो.