स्कॉट-फ्री: शब्दात स्कॉटलंड नाही

प्रश्न: निर्दोष ठरलेल्या आरोपीबद्दल ‘ही गॉट ऑफ स्कॉट-फ्री’ असं लिहिलं तर चालेल का? आणि यात स्कॉटिश लोकांचा अपमान होतो का?

उत्तर: दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. स्कॉटलंडचा इथे काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्कॉट’ म्हणजे पट्टी. आपल्या घरपट्टी-पाणीपट्टीतली पट्टी. ही पट्टी ज्याला माफ तो स्कॉट-फ्री, हा अर्थ अकराव्या शतकापासून सापडतो. पुढे पिठ्यात बसून सगळ्यांनी मिळून द्यायच्या बिलातला आपापला वाटा, म्हणजे आपल्याकडची वर्गणी, हाही ‘स्कॉट’ झाला. वर्गणी न देता सटकणारा इसम डोळ्यांपुढे आणा, आजचा अर्थ, म्हणजे शिक्षा न भोगता सुटलेला, लगेच कळतो. अमेरिकेतल्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यावरून हा शब्द आला, असंही सांगतात. पण शब्द त्याच्या कित्येक शतकं आधीचा, शिवाय १८५७च्या त्या निकालात स्कॉट हरला होता!

आता तुमचं वाक्य. ते लिहू नका. ‘स्कॉट-फ्री’त गुन्हा गृहीत धरलेला असतो: केलं, पण भोगलं नाही. निर्दोष सुटलेल्याला ते लावलं की तुम्ही न्यायालयाचा निकालच नाकारता, आणि बातमीत ते महागात पडू शकतं. तिथे ‘वॉज अक्विटेड’ एवढंच पुरे. किरकोळ दंडावर सुटलेल्यालाही हा शब्द चालत नाही. काहीतरी भरावं लागलंच ना? त्याच्यासाठी ‘गॉट ऑफ लाइटली’. अपघातातून सहीसलामत वाचलेल्याला पूर्वी इंग्रजीत स्कॉट-फ्री म्हणत, आज ‘अनस्केद्ड’ बरं.

क्रियापद गेट ऑफ, गो, एस्केप किंवा गेट अवे यांपैकी घ्यावं आणि हा शब्द त्यानंतर ठेवावा. ‘अ स्कॉट-फ्री मॅन’ कानाला खटकतं. स्पेलिंगमध्ये एकच टी, एस लहान, मध्ये जोडरेघ. एस मोठा केला की पुन्हा स्कॉटलंड आलंच. ‘स्कॉच-फ्री’ मात्र निव्वळ चूक; त्याचा अर्थ फार तर दारूबंदी होईल.

मराठीत ‘नामानिराळा राहिला’ जवळचं वाटतं, पण त्यात अंग काढून घेणं आहे, शिक्षा चुकणं नाही. ‘करून सवरून मोकळा सुटला’ नेमकं बसतं.